भादलीवरून जाताना

भुसावळहून जळगावला येताना भादली लागतं. स्टेशन एवढंसंच. पण आमच्या घरातलं कुणीतरी हमखास म्हणणार, "इथेच गेले बालकवी." ५ मे १९१८, रेल्वेखाली सापडून. वय अवघं २७! मला मात्र तिथे दर वेळी आणखी एक माणूस आठवतो. रेव्हरंड टिळक.

धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरेला 'बालकवी' ही पदवी मिळाली १९०७ साली, जळगावच्या कविसंमेलनात. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला आणि घरचाच झाला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्याबद्दल किती मायेनं लिहिलंय!

आता काळ बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जवळची माणसं तुटली. खुद्द लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला पाचेक वर्षं लागली. आमच्या आजोबांच्या तोंडीसुद्धा आधी "टिळक बाटले" हेच यायचं, कविता नंतर. अशा घरात एक ब्राह्मण मुलगा राहिला, त्यानं धर्म बदलला नाही आणि त्यावाचून माया काही अडली नाही.

ख्रिस्ती माणूस तारणाबद्दल बोलतो, तेव्हा आपल्याला वाटतं, हे फक्त त्यांच्या मंडळीपुरतं असणार. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की सगळी सृष्टीच कण्हते आहे, सुटकेची वाट पाहते आहे. म्हणजे देवाच्या प्रेमात झाडं, पाखरं, दगडमातीही आली! 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिळकांना हे वेगळं सांगायला नको होतं. आणि झऱ्यात, गवतात हरवून जाणारा ठोमरे त्यांना परका का वाटावा?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मला वाटतं, त्या दरबाराची सुरुवात नगरच्या त्या घरात आधीच झाली होती.

बालकवींनंतर वर्षभरानं, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

यावेळी गाडीत धाकट्या भाच्यानं विचारलं, "ते कोण होते बालकवींचे?" नातं काय सांगावं, मला पटकन सुचेना. म्हटलं, "घरचे."