‘मुलांसाठीं सांगितलेल्या’ गोष्टी

बोलावें तसें लिहूं नये, हा विद्वानांचा जुना दंडक आहे. तो मोडल्याबद्दल ज्याला बोल लावण्यांत आला, आणि तो मोडल्यामुळेंच जो अजरामर झाला, अशा एका लेखकाची ओळख आज श्रोत्यांना करून द्यावयाची आहे.

हान्स क्रिश्चन अँडरसनचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजीं डेन्मार्कमधील ओडेन्से या गांवीं झाला. वडील जोडे शिवीत. आई लोकांचीं धुणीं धुई. वडील १८१६ सालीं वारले. नट होण्याच्या आशेनें १८१९ सालीं हा मुलगा एकटाच कोपनहेगनला गेला. रंगभूमीनें त्याला थारा दिला नाहीं; पण नाट्यगृहाच्या संचालकांपैकीं योनास कोलिन यांनीं राजाकडून खर्चाची तरतूद करवून त्याला शाळेंत घातलें. सतरा वर्षांचा हा विद्यार्थी आपल्याहून किती तरी लहान मुलांच्या बांकावर बसून शिकला.

१८३५ सालीं इटलीवरील एका कादंबरीनें त्याचें नांव झालें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत ‘मुलांसाठीं सांगितलेल्या अद्भुतकथा’ या नांवाची चार गोष्टींची एक पातळशी पुस्तिका निघाली. त्यांतील तीन गोष्टी त्यानें लहानपणीं ऐकलेल्या होत्या. टीकाकारांनीं दोन आक्षेप घेतले: भाषा लिहिण्याची नसून बोलण्याची आहे, आणि गोष्टींत मुलांना बोध नाहीं. विद्युत्प्रवाहाचा चुंबकसूचीवरील परिणाम १८२० सालीं शोधून काढणारे ऑर्स्टेड मात्र त्याला म्हणाले, कीं कादंबरी कीर्ति देईल, पण या गोष्टी अमर करतील. स्वतः अँडरसनला तें तेव्हां पटलें नव्हतें.

पुढें त्याचें मत पालटलें. ‘कुरूप बदकाचें पिलूं’ ज्यांत आहे, त्या १८४३ च्या संग्रहाच्या नांवांतून त्यानें ‘मुलांसाठीं सांगितलेल्या’ हे शब्दच काढून टाकले. मुलांनीं घटना घ्यावी आणि जवळ बसलेल्या वडीलधाऱ्यांनीं अर्थ घ्यावा, अशी त्याची दृष्टि होती. १८७५ सालीं त्याच्या पुतळ्याचा नमुना त्याला दाखविण्यांत आला. त्यांत अंगाशीं मुलें बिलगलेलीं पाहून तो संतापला. त्याच वर्षीं ४ ऑगस्टला तो वारला. कोपनहेगनच्या राजोद्यानांत १८८० सालीं बसविलेल्या पुतळ्यांत तो एकटाच आहे. हातांत पुस्तक आहे, जवळ मूल नाहीं.

आपल्याकडे कहाणी सांगणाऱ्या आजीला हें निराळें शिकवावें लागलें नाहीं. तिच्याभोवतीं मुलें बसत. पण ओटीवरचीं मोठीं माणसेंही बोलणें थांबवून तिकडे कान देत.