वृक्ष आणि वृष्टी : एका सिद्धांताचा प्रवास

जंगल तुटले की पाऊस आटतो, ही समजूत आज इतकी रूढ आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. भारतातील सरकारी कागदपत्रांत ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थिरावली. आणि तिच्या बाबतीत अधिकार आधी आला, पुरावा मागाहून शोधण्यात आला.

इ. स. १८०० मध्ये अलेक्झांडर फोन हुंबोल्ट याने व्हेनेझुएलातील वालेन्सिया सरोवराची पातळी खालावण्याचा संबंध भोवतालच्या वृक्षतोडीशी जोडला होता. हा विचार कंपनी सरकारच्या सेवेतील शल्यवैद्यांनी हिंदुस्थानात रुजविला. मद्रासेत एडवर्ड बाल्फोर याने १८४९ मध्ये वृक्ष आणि पर्जन्य यांच्या संबंधावर टिपण प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हा १८४७ मध्ये वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकणात रान तुटल्यावर झरे आटतात, हे त्याच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. लक्षणावरून निदान करण्याची वैद्याची सवय या लेखनात जागोजाग जाणवते.

येथे दोन विधानांची गल्लत झालेली दिसते. पडलेले पाणी जमिनीत मुरण्यास व माती धरून ठेवण्यास रानाचे साहाय्य होते, हे एक विधान. रानामुळे पाऊसच अधिक पडतो, हे दुसरे. पहिले उतारावर उभे राहून पडताळता येते. दुसऱ्यासाठी दीर्घकालीन मोजणी हवी, आणि ती त्या काळी उपलब्ध नव्हती. शिवाय कार्यकारणभाव उलटण्याचा धोका होताच. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून जवळच असलेल्या वाईस तो १,००० मिलिमीटरांपर्यंतही पोचत नाही. एकीकडे दाट रान आणि दुसरीकडे उघडे माळ पाहून रानाने पाऊस आणला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ढग अडविणारा सह्याद्री रानाच्या कितीतरी आधीचा. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर येथे हेतूला उपाधी चिकटलेली आहे.

ही तर्कचर्चा केवळ तात्त्विक राहिली नाही. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळापाठोपाठ १८७८ चा वनकायदा आला. त्यामागे रेल्वेसाठी लागणारे लाकूड आणि महसूल हे हेतू प्रबळ होते, हे खरे. परंतु पर्जन्यरक्षणाच्या युक्तिवादाने त्यांना लोकहिताचे रूप दिले. भार पडला तो कुमरी करणाऱ्यांवर, आणि ठाणे–कुलाब्यात भाताच्या रोपासाठी फांद्या व पाला भाजून राब करणाऱ्या शेतकऱ्यांवर. राबाचा तंटा इतका विकोपास गेला की मुंबई सरकारला त्यासाठी चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

योगायोग असा की त्याच वर्षी हवामानखात्याचा प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने या प्रश्नाला प्रथमच आकड्यांची कसोटी लावली. मध्य प्रांतात १८७५ पासून फिरत्या शेतीला आळा घालण्यात आला होता. त्याआधीच्या व नंतरच्या पर्जन्यमानाची तुलना करता नंतरच्या काळात वाढ दिसून आली. पद्धत स्तुत्य होती, यात संशय नाही. पण जेमतेम दहा वर्षांचा काळ आणि पूर्वीच्या नोंदींचा कच्चेपणा पाहता हा काकतालीय न्याय नव्हे असे खात्रीने म्हणता येत नव्हते. वनखात्यातील त्याच्या वाचकांना मात्र निष्कर्ष हवा होता, त्यामागील अटी नको होत्या.

पुढे गिल्बर्ट वॉकर याने १९१० मध्ये देशभरच्या नोंदी तपासून हवामानात कायमचा पालट झाल्याचा पुरावा नाही, असे दाखविले. पावसाच्या चढउतारांचे कारण शोधताना तो १९२० नंतरच्या दशकात महासागरांवरील वायुदाबाच्या दोलनापर्यंत पोचला. १८७७ व १८९९ ही दोन्ही अवर्षणाची साले प्रशांत महासागरातील ‘एल निन्यो’शी निगडित होती, हे आज मान्य झाले आहे. राब भाजणाऱ्याचा त्यात काहीही हात नव्हता.

तथापि प्रश्न तेथेच मिटला असे समजणे हीदेखील घाईच ठरेल. १९७९ मध्ये एनेआस सालाती व त्याच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील प्राणवायूच्या समस्थानिकांचे मापन करून ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस तेथल्याच बाष्पातून पुन्हा पडतो, असे दाखवून दिले. २०१६ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने, झाडझाडोऱ्याच्या जागी शेती आल्याने बाष्पोत्सर्जन घटते व मोसमी पाऊस क्षीण होतो, असा निष्कर्ष मांडला. जुन्या सिद्धांताचा एक अंश अशा रीतीने परत आला, पण या वेळी तो प्रक्रिया व प्रदेश नेमके सांगत आला : हा परिणाम मुख्यत्वे गंगेचे खोरे व ईशान्य भारत येथे आढळतो. गिब्सनच्या कोकणाला त्यावरून आपोआप पुष्टी मिळत नाही. तेथील पावसाचा मुख्य हिशेब अद्याप समुद्र आणि डोंगर यांच्याकडेच आहे.