‘गुण आला’ म्हणजे नेमकं काय? गडचिरोलीच्या 86 गावांची गोष्ट

“डॉक्टरसाहेब, गळ्यात माळ घातली अन् पंधरा दिवसांत कावीळ उतरली. आमच्या गावात चार जणांना गुण आला.”

वाशिम जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ लांबते ती तिच्यातल्या काड्या सुकून गाठी सैल झाल्यामुळे. निरोगी माणसाच्या गळ्यातही ती लांबेल. म्हणून ‘किती जणांना गुण आला?’ एवढं विचारून भागत नाही. ‘ज्यांनी माळ घातली नाही, त्यांचं काय झालं?’ हेही विचारावं लागतं.

एम.डी. करताना संख्याशास्त्र हा मला परीक्षेपुरता विषय वाटायचा. या साध्या प्रश्नाची ताकद मला कळली ती आपल्याच विदर्भातल्या एका अभ्यासामुळे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या भागात जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत अनेक बाळं दगावत. दवाखाना दूर, बाळंतपणं बहुतेक घरीच. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय अनेकांना धाडसाचा वाटावा असाच होता. गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण द्यायचं. त्यांनी घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, आईला अंगावर पाजायला मदत करायची, बाळ जन्मतः श्वास घेत नसेल तर त्याला श्वास द्यायचा आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं.

हे चुकलं असतं तर? धोका तान्ह्या बाळांच्या जिवाला होता. म्हणून ‘आम्हाला फरक वाटतो’ एवढं म्हणणं पुरेसं नव्हतं.

त्यांनी 39 गावांत ही सेवा दिली आणि जवळपास तशाच 47 गावांशी तुलना केली. या 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. सेवा सुरू करण्याआधी, 1993 ते 1995, दोन्हीकडची स्थिती मोजली. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला जाई. काही सुटू नये म्हणून दर सहा महिन्यांनी घरोघर पाहणीही होई.

आता आकडे बघा. सुरुवातीला दर 1000 जिवंत जन्मांमागे 39 गावांत 62 आणि 47 गावांत 58 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, 39 गावांत हा आकडा 25.5 वर आला. उरलेल्या 47 गावांत तो जवळपास 60 होता.

समजा, ती 47 गावं मोजलीच नसती, तर कोणीही म्हणालं असतं, “रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणून मृत्यू घटले असतील.” पण रस्ते आणि पाऊस दोन्हीकडे होते. घट मात्र एकीकडेच झाली. तिसऱ्या वर्षीच्या दोन आकड्यांतला फरक 34 आहे. ढोबळ हिशेबानं, दर 29-30 जन्मांमागे एक बाळ वाचलं.

या अभ्यासाला मर्यादाही होती. कोणत्या गावात सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या की निवडीत कुणाची मर्जी चालत नाही, म्हणून ती पद्धत जास्त भक्कम मानतात. एका ठिकाणचा निकाल दुसरीकडेही येतो का, हेही पाहावं लागतं. गडचिरोलीचा अभ्यास डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी हाच प्रयोग करून पाहिला गेला आणि तिथेही बालमृत्यू घटले.

2011 मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई तुमच्या घरी येते, ती यामुळेच. “आमचं बाळ ठणठणीत आहे” म्हणून तिला दारातूनच परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंगाला थंड किंवा तापलेलं लागत असेल, मलूल पडलं असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर तिची वाटही पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि कावीळ झाली तर माळ उतरण्याची वाट बघत बसू नका. काही काविळी आपोआप बऱ्या होत नाहीत, आणि त्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत. रक्त तपासून घ्या. पुढच्या वेळी कोणी “चार जणांना गुण आला” म्हणालं, तर शांतपणे विचारा, “बरं, आणि ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांचं काय झालं?” हा प्रश्न माझ्या औषधांबद्दलही विचारा. मला राग येणार नाही.