देव्हाऱ्यातली शिवराई
साताऱ्या-सांगलीकडे जुन्या देव्हाऱ्यात एखादी तांब्याची शिवराई हमखास निघते. ‘महाराजांच्या वेळची ना? लाखाची असेल!’ लोक मला विचारतात. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपती’. १६७४च्या राज्याभिषेकापासूनचे हे नाणे पेशवाईत, पुढे एकोणिसाव्या शतकातही पडत राहिले. दोन रेघांची ‘दुदांडी’ या नंतरच्या काळातली. म्हणून मुबलक आणि स्वस्त. अस्सल नाणे हाताने ठोकून पाडलेले, त्यामुळे अक्षरे बहुधा कडेला तुटतात. ओतीव नकलेच्या कडेवर सांधा, अंगावर बारीक छिद्रे दिसतात. चिंचेने मात्र घासू नका, मोल घटते. किंमत थोडी निघाली तरी खट्टू होऊ नये. महाराजांमागे शतकाहून अधिक काळ बाजारात त्यांचेच नाव चालले, याची ही साक्ष आहे.