निबंधवाचनाकडून प्रमाणपत्राकडे

वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभेत अभ्यासक आपला निबंध वाची. कागदाचे वाचन, तिथी, शिक्का यांवर हरकत घ्यायची ती तेथेच, छपाई नंतरची. त्यामुळे लेखन आणि विद्वानांशी परिचय हे दोन स्वतंत्र उद्योग नव्हते. आज चूक दाखवणारा उद्या एखाद्या दप्तराचा ठावठिकाणाही सांगू शके.

या परंपरेचे उदात्तीकरण मात्र करू नये. त्या सभेसाठी पुण्याचे सान्निध्य लागे, मोडी लागे, आणि बिनबोलता जातीचे व नात्याचे भांडवलही लागे. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या मागांच्या गावातील मुलाला ती परकीच होती. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू म्हणून आप्पासाहेब पवार हे इतिहासकारच लाभले. उच्च शिक्षण कबनूरपासून एका एस.टी. प्रवासाच्या अंतरावर आले. पण विद्यापीठाने उघडले ते पदवीचे दार. सभेचे दार त्याबरोबर उघडतेच असे नाही.

ही उणीव नियमांनी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले; २०१६ मध्ये चर्चासत्रांतील दोन निबंधवाचनांची भर पडली. हेतू सभेचाच होता, पण हाती आले ते प्रमाणपत्र. दहा मिनिटांचे वाचन, समांतर सत्रे, समोर आपल्या पाळीची वाट पाहणारे इतर वाचकच! प्रश्न कोण विचारणार? पैसे घेऊन छापणारी नियतकालिके फोफावली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४३०५ नावे वगळावी लागली. घरात पहिल्यांदाच संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला यात दुहेरी दंड बसला. ओळखीअभावी चांगले नियतकालिक कोणते हे सांगणारे कोणी नाही, आणि न कळल्याची किंमत रोख.

२०२२ मध्ये आयोगाने प्रकाशनाची ही अट काढली. जुन्या मान्य यादीच्या जागी आलेली ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिकांचा दर्जा जोखण्याचे काम संस्थांकडे, म्हणजे प्रत्यक्षात विभागातील मार्गदर्शकाकडे आले. कबनूरहून येणाऱ्या संशोधकाच्या लेखनावर पहिली हरकत आता त्यानेच घ्यायची आहे. त्यासाठी लागणारा वेळ विभागाच्या कार्यभारात कोठे धरलेला असतो?