नित्याचा फेरफार आणि परका हात

महाडजवळ सव येथें सावित्रीच्या कांठीं ऊन पाण्याचे झरे आहेत. परका मनुष्य तें पाणी पाहून चकित होतो. गांवकऱ्यास त्याचें कांहींच वाटत नाहीं. उलट तेंच पाणी एके दिवशीं थंड लागलें, तर दचकेल तो गांवकरीच. नित्याचें काय हें ज्यास ठाऊक, त्यासच विपरीत ओळखतां येतें. संगणकाच्या रक्षणासही हाच न्याय लागू आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्स प्रणालींत फेरफार अखंड चालूच असतात. सुधारणा आली कीं जुन्या फायलींच्या जागीं नव्या बसतात. नेमून दिलेलीं कामें मध्यरात्रीं आपोआप सुरू होतात. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु सुधारणेची नोंद नसतां फाईल बदलली, अनोळखी खातें उघडलें, किंवा नोंदवहीचा मधलाच भाग नाहींसा झाला, तर चोर आंत शिरल्याचा संशय घ्यावा.

नोव्हेंबर २००३ मध्यें लिनक्सच्या आज्ञावलीची सार्वजनिक प्रत ठेवणाऱ्या संगणकांत शिरून कोणी तरी दोन ओळी घुसडल्या. वरवर ती साधी तपासणी दिसे. मात्र जेथें बरोबरीचीं दोन चिन्हें हवीं, तेथें एकच होतें. त्यामुळें प्रश्नाची आज्ञा झाली, आणि ही खुबी जाणणाऱ्यास संगणकावर सर्वाधिकार मिळाला असता. मुख्य दप्तराशीं ताडून पाहतां या फेरफारास मंजुरीची नोंद आढळली नाहीं, आणि कपट उघडें पडलें.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचें नशीब असें नव्हतें. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं चोरांच्या बनावट यंत्रणेनें पैसे काढण्याच्या मागण्या मुख्य हिशेबापर्यंत पोहोंचूं न देतां परस्पर मंजूर केल्या. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. एकेकटी मागणी पाहतां ती नित्याचीच भासावी. दोन दिवसांनीं हाँगकाँगला वळविलेली रक्कम धरून सुमारें ९४ कोटी रुपये गेले.

मग सामान्य रक्षकानें काय करावें? अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत जीन किम व जीन स्पॅफर्ड यांनीं १९९२ सालीं ट्रिपवायर नांवाची युक्ति सिद्ध केली. संगणक निर्दोष असतांनाच प्रत्येक महत्त्वाच्या फायलीचा ठसा घेऊन ठेवावा व पुढें वेळोवेळीं ताडून पाहावा, हें तिचें सूत्र. तो ठसा त्याच संगणकांत ठेवूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें. कारण घरांत शिरलेल्या चोराच्या हातीं वहीही लागली, तर तिची साक्ष कोण मानणार?