टॉर्क ट्रिप हा अ‍ॅक्च्युएटरचा दोष नव्हे

1975 साली स्थापन झालेल्या आणि आज मांजरी बुद्रुक येथे असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये राज्यभरातल्या साखर कारखान्यांचे तंत्रज्ञ शिकायला येतात. त्यांच्या व्यवसायात एक समज मात्र घट्ट रुतला आहे. वाफेच्या लाइनवरचा इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर टॉर्क ट्रिप दाखवू लागला की तो कमजोर झाला असे मानायचे. मग सेटिंग वाढवायचे. तेवढ्याने भागले नाही तर स्विचवर जंपर टाकायचा.

या पक्षाची बाजू पोकळ नाही. गाळप थांबले की गव्हाणीत ऊस वाळतो आणि साखर उतारा घसरतो. टॉर्क स्विचही कधी बिघडतो, त्याची स्प्रिंग थकते, सेटिंग मुळात कमी ठेवलेले असू शकते. हे सारे मान्य.

पण हा स्विच मोजतो काय? बहुतेक अ‍ॅक्च्युएटरमध्ये वर्म शाफ्ट स्प्रिंगच्या विरोधात सरकतो आणि सरकण्याची मर्यादा ओलांडली की स्विच उघडतो. शाफ्टला सरकवतो तो व्हॉल्व्हचा विरोध. मग अडथळ्याची खबर देणाऱ्यालाच आरोपी का करायचे?

अडथळा शोधायला मोठी उपकरणे लागत नाहीत. पुरवठा तोडा, टॅग लावा, क्लच लिव्हर दाबून हँडव्हील फिरवा. हातालाही जड जात असेल तर ग्लँड जास्त आवळलेला आहे, स्पिंडलचे ग्रीस वाळले आहे, नाहीतर गरम असताना बंद केलेला गेट व्हॉल्व्ह थंड होऊन पाचरीसारखा आवळला आहे. हाताला हलके आणि मोटरवर ट्रिप, असे असेल तरच स्विच, स्प्रिंग आणि सेटिंगकडे वळा. हंगाम संपल्यावर पुरवठा बंद होतो, आतला हीटर थंड पडतो आणि पावसाळ्याची ओल टर्मिनलवर बसते. ऑक्टोबरमध्ये दिसणाऱ्या कित्येक दोषांचे मूळ जुलैत असते.

सेटिंग वाढवल्याने विरोध कमी होतो का? होत नाही. तो फक्त स्पिंडलवर, स्टेम नटवर, गिअरवर चढतो.

कोणी म्हणेल, उघडताना टॉर्क स्विच बायपास करतातच! करतात, पण पाचर सुटेपर्यंतच्या सुरुवातीच्या थोड्या प्रवासापुरताच, आणि तोही मोजून. 9 जून 1985 रोजी अमेरिकेतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात हा बायपास चुकीच्या जागी सेट होता. दाबाच्या फरकाविरुद्ध साहाय्यक फीडवॉटरचे दोन व्हॉल्व्ह उघडले नाहीत. कर्मचाऱ्यांना ते हाताने उघडावे लागले. पुढे 1989 मध्ये तिथल्या अणुनियमन आयोगाने मोटरचालित व्हॉल्व्ह शक्य तिथे प्रत्यक्ष दाबाखाली तपासायला सांगितले. हे उदाहरण जंपरवाल्यांच्या कामाचे नाही. स्विच अंदाजाने नव्हे, मोजमापाने लावावा, एवढेच ते सिद्ध करते. कायमचा जंपर म्हणजे मोजमापच रद्द करणे.

थर्मल ट्रिपलाही याच खात्यात टाकतात. तेही चूक. एक फेज गेली तर मोटर गुणगुणते, तापते. टॉर्क स्विचचा तिथे संबंध नाही. थोड्या वेळाच्या कामासाठी बनवलेली मोटर कोणी सतत मागे-पुढे चालवली तरी थर्मोस्टॅट उडेल. प्रत्येक अलार्मचे कारण वेगळे, उपायही वेगळा.

निर्णय वाचकांनी द्यावा. माझी मागणी एवढीच आहे: येत्या गाळपाआधी प्रत्येक मोटरचालित व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहा, प्रत्येक सेटिंगचा आकडा वहीत लिहा आणि टाकलेले जंपर काढा.